भुजंगची आई

"आई, चढ लवकर. गाडी थांबायची न्हाई."

भुजंगनं दगडाबाईचा दंड धरला आणि तिला डब्यात ओढून घेतलं. तिनं पदर उजव्या गालाशी दाबून धरला होता. गाल इतका सुजला होता की डोळा निम्मा मिटला होता. नऊ दिवस तिच्या पोटात पातळ कण्यांशिवाय काही गेलं नव्हतं.

भुजंग चुडाव्याच्या स्टेशनवर सांधेवाला होता. येणारी गाडी ठरल्या रुळावर घ्यायची, हे त्याचं काम. आज त्यानं रजा टाकली होती. पूर्णा जंक्शनला रेल्वेचा दवाखाना होता, आणि महिन्यातून एकदा सिकंदराबादहून दातांचे डॉक्टर तिथं येत. आज तो दिवस होता.

दगडाबाईनं लवंग धरून पाहिली होती, बिब्ब्याचा चटका देऊन पाहिला होता. नांदेडला जाऊन एका दातवाल्याच्या पायरीवरही ती बसून आली होती. त्यानं पाच रुपये सांगितले. दिवसभर निंदणी केली तर तिच्या हातात दोन आणे पडत. ती उठली आणि आली तशी चालत परतली.

टीसीनं पास पाहिला, म्हातारीच्या गालाकडं पाहिलं आणि पुढं गेला.

"मला भ्या वाटायलंय रं बाबा," ती पुटपुटली. "माझ्यापायी तुला उगं तरास."

"तरास कायचा? तू नुसतं तोंड उघडायचं. बोलायचं ते मी बोलतो."

दवाखान्याच्या ओसरीवर दहा-बारा माणसं बसली होती. टेबलाशी बन्सीधर कंपाउंडर वही घेऊन बसला होता. त्याच्यापुढं एक पोक्त बाई जबडा धरून उभी होती.

"नवरा कोणत्या खात्यात?"

"खात्यात न्हाई जी. सालानं राहतो एकाच्या शेतात."

"मग इथं कशाला आलीस? इथं रेल्वेच्या नोकराचे आईबाप, बायको, लेकरं. बाकी कुणी न्हाई."

"लय दुखायलंय जी. रातचा डोळ्याला डोळा लागत न्हाई."

"तुला आत सोडलं तर माझी नोकरी जाईल, बाई. ज्याच्या त्याच्या पोटाचं हाय." त्याचा आवाज कडक होता, पण तिच्याकडं बघायचं त्यानं टाळलं.

ती पायऱ्या उतरली. भुजंग उठून तिच्या मागं गेला. खिशातली लवंगेची पुडी त्यानं तिला दिली.

"कोणत्या गावच्या तुमी?"

"कात्नेश्वरची. मनकर्णा म्हणत्यात."

"बरं," तो म्हणाला आणि परत येऊन बसला.

त्याची पाळी आली. बन्सीधरनं मान वर न करता विचारलं, "नाव?"

"भुजंग सटवाजी. सांधेवाला, चुडावा."

"पेशंट?"

"आई."

बन्सीधरची लेखणी थांबली. "मागच्या महिन्यातबी आईच होती."

"तिचे दात लय खराब हायत, साहेब. एक झाला की एक चालूच हाय."

बन्सीधरनं वहीत 'आई' एवढं लिहिलं आणि पुढच्याला हाक मारली.

शेजारी इंजिन ड्रायव्हरची बायको सुमनबाई बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "नशीब काढलंस बाई," ती दगडाबाईला म्हणाली. "माझा लेक दोन कोसांवर राहतो. मी मेले का जगले, इचारत न्हाई."

दगडाबाईचे डोळे भरून आले. तिनं भुजंगच्या डोक्यावरून हात फिरवला. त्यानं मान खाली घातली.

आत डॉक्टर व्यंकटराव होते. जाड चष्मा, कपाळावर कायमची आठी. त्यांना सगळा दवाखाना भीत असे. त्यांनी दगडाबाईला खुर्चीत बसवलं आणि तोंडात आरसा घालून पाहिलं.

"किती दिवस झाले?"

"नऊ," भुजंग म्हणाला.

"नऊ दिवस? आत पू झालाय. अजून चार दिवस गेले असते तर बाई हाती लागली नसती. तू काय करत होतास?"

"मला परवाच कळलं, साहेब."

"परवा!" डॉक्टर चष्म्यावरून त्याच्याकडं बघत राहिले. ओसरीवरच्या लोकांनाही तो आवाज ऐकू गेला असावा.

बधिर करायची सुई टोचली तेव्हा दगडाबाईनं भुजंगचा हात पकडला. चिमटा आत गेला आणि तिची नखं त्याच्या मनगटात रुतली. त्यानं हात हलवला नाही. डॉक्टरांनी एकदा उजवीकडं, एकदा डावीकडं हिसका दिला आणि किडकी दाढ तबकात टाकली. पाठोपाठ पू आला, रक्त आलं. तिनं जांभळ्या औषधाच्या गुळण्या केल्या आणि नऊ दिवसांत पहिल्यांदा तिची मान सरळ झाली.

"ठणका गेला रं! गेला की!"

ती डॉक्टरांच्या पाया पडायला वाकली. ते दोन पावलं मागं सरले. "बन्सीधर, यांना बाहेर बसवा. तासभर खायचं नाही म्हणावं."

भुजंगही तिच्या मागं निघाला.

"तू थांब."

तो थांबला. डॉक्टरांनी दार लावून घेतलं. त्यांनी चिमटे उकळत्या पाण्यात टाकले, हात धुतले, एकेक बोट सावकाश पुसलं. भुजंगच्या कपाळावर घाम आला होता.

"साहेब, माझी चूक झाली..."

"चूक झालीच," डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाले. "ही तुझी सातवी आई, भुजंग. आठवीला इतकं दुखेपर्यंत थांबवू नकोस."