दोन वेळा 'नाही'

अर्जातल्या दोन प्रश्नांपुढे 'नाही' लिहिलं की दळवीसाहेबांना अमेरिकेचं नागरिकत्व, मुलीशेजारी बंगला आणि धुतलेला भूतकाळ मिळणार होता. पोलिसात होतात का? नाही. कुणाचा छळ केलात का? नाही.

बढाईची खोड मात्र समुद्र ओलांडूनही सुटत नाही. तिथल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेत साहेबांनी 'खाकीतली तीस वर्षं' असा लेख दिला, वर्दीतल्या फोटोसकट. "माझ्या कोठडीत मुकाही बोलायचा," हे त्यातलं लाडकं वाक्य. अंक फिरत फिरत सरकारी वकिलाकडे पोचला.

साक्षीला गावाकडून सगुणाबाई आली. तिचा नवरा त्याच कोठडीतून तिसऱ्या दिवशी मेलेला बाहेर आला होता. तिनं भर कोर्टात साहेबांकडे बोट दाखवलं. निकाल लागला: अर्जात खोटं लिहिलं म्हणून नागरिकत्व रद्द, देशाबाहेर रवानगी.

"आन् माझ्या मालकाला मारलं त्याचं?" तिनं दुभाष्याला विचारलं.

"बाई, हा खटला फक्त खोटं बोलल्याचा होता."

"मंग धाडणार कुठं ह्याला?"

"तुमच्याकडेच."

"वा. घर तुमचं झाडलं, केर आमच्या दारात."

आता साहेब रोज सकाळी गावच्या बाजारात फिरतात. लोक उठून रामराम घालतात. पहिल्याच दिवशी ते सगुणाबाईच्या भाजीच्या पाटीसमोर थांबले. "काय बाई, विमानात बसून बरं वाटलं का?"

साहेबांचा एक पासपोर्ट गेला. सगुणाबाईचा नवरा आधीच गेला होता. त्या सकाळपासून बाजारातली तिची जागाही रिकामी असते.