सहाच्या खाली

चंपाबाईच्या पिशवीत निकोटिनच्या अकरा गोळ्या, दंडावर चिकटवायच्या चार पट्ट्या आणि लवंगांची अर्धी पुडी उरली होती. गोळ्यांनी नवऱ्याला उचकी लागली, पट्ट्या घामाने निघाल्या, लवंगांनी जीभ सोलली. शेवटी त्याने विडी नुसतीच सोडली आणि दीड महिना घर डोक्यावर घेतलं.

श्वासातला धूर मोजणाऱ्या यंत्रावर आकडा सहाच्या खाली आला, तरच डॉक्टर त्याच्या पायाचं ऑपरेशन करणार होते. दवाखान्यात नर्सने पुढे केलेल्या नळीत त्याने फुंकर मारली. तीन.

"सुटलीस बाई," तो म्हणाला. "आता तू फुंक."

"मी कुठं विडी ओढते?" म्हणत तिनेही दमलेली फुंकर मारली.

नर्सने तिला पुन्हा फुंकायला लावलं. "मावशी, स्वयंपाक कशावर करता?"

"चुलीवर. आत्ता भाकऱ्या उरकूनच आले."

दोन्ही वेळा आकडा पंधरा आला होता.