टिकाऊ नको

"टिकाऊ नको," ग्रिलवाल्याची बायको म्हणाली. "लवकर संपणारी द्या."

काउंटरवर ग्राइंडरला लावायच्या, लोखंड कापायच्या चकत्या मांडता मांडता हार्डवेअरवाल्याचा हात थांबला. असं गिऱ्हाईक त्याने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

"वहिनी, जग टिकाऊ मागतं, तुमचं आपलं उलटंच. ही बघा, लोखंडावर दुप्पट चालते."

तिचं लक्ष रस्त्यापलीकडे होतं. नवऱ्याच्या वर्कशॉपमधून ग्राइंडरचा आवाज येत होता. मोठ्या मशीनचा, घोगरा. तो चालू असेपर्यंत ती बोलायची, थांबला की तीही थांबायची.

"दुप्पट चालते तेच नको. झिजून लहान झाली की मोठ्या मशीनला ती निरुपयोगी. पण फेकायचं म्हटलं की यांच्या जिवावर येतं. लहान मशीनचं गार्ड, म्हणजे चकतीवरचं झाकण, काढतात आणि तीच त्याला लावतात. ते फिरतं भलत्याच जोरात. मागच्या वर्षी तशीच एक फुटली, यांचा एक डोळा घेऊन गेली. म्हणून उरणारीच नको."

"आणि चष्मा?"

"असतो की. कपाळावर."

हार्डवेअरवाल्याला हसू आलं, ते त्याने मिशीतच दाबलं. "पण हलकी दिली तर ती मोठ्या मशीनवरच फुटायची. मग?"

इकडे आड, तिकडे विहीर. ती एक चकती उचलायची, ठेवायची, पुन्हा तीच उचलायची.

पलीकडचा आवाज बदलला. बारीक, चिरका. लहान मशीन! आणि आवाज एकदम तुटला.

ती दाराकडे धावली. नवरा रस्ता ओलांडून येतच होता. अंगभर लोखंडाची धूळ, चष्मा कपाळावर, हातात झिजलेली चकती.

"लाईट गेली," तो आत काउंटरपाशी येत म्हणाला. दुकानातला पंखाही मंदावत होता. "किती वेळ लावतेस? टिकाऊ बघून घे. तशी घाई नाही म्हणा, हिच्यात अजून चार-सहा कट निघतील."

"टाका ती."

"चांगली आहे की! उगाच कशाला टाकायची?"

ती पुढे झाली, त्याच्या चांगल्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि तो घट्ट दाबून धरला.

"आता बघून सांगा, किती कट निघतील."

तो हसायला गेला, पण ते हसू काही पुरं झालं नाही. हार्डवेअरवाला चकत्यांचा ढीग उगाच सारखा करत राहिला. लाईट आली, डोक्यावरचा पंखा पुन्हा फिरू लागला. तिने हात काढला नाही.

मग त्याने मोकळा हात पुढे केला, चाचपत चाचपत काउंटर शोधला आणि चकती त्यावर ठेवली.