सत्तेचाळीस नंबर

डोरिनबाईंनी पितळेची पट्टी खिडकीच्या उजेडात धरली. नखाहून थोडी लांब, तांबड्यावर उठावाची अक्षरं. सिरिल. दुसरी पट्टी अजून डबीतच होती. इंजिनाला बाजू दोन, म्हणून नावाची पट्टीही जोडीनंच येते.

"सुरेख झालीय ना?" छोट्या, हौशी रेल्वेवाल्यांच्या मंडळाचे सेक्रेटरी फर्थ म्हणाले. टोपी गुडघ्यावर ठेवून ते पाहुण्यासारखे बसले होते. शेजारी नॉर्मन, सिरिलचा चाळीस वर्षांपासूनचा दोस्त. नवऱ्याला, सिरिलला, पुरून बारा दिवस झाले होते, आणि या बारा दिवसांत डोरिनबाईंना चहा गरम आहे की गार हेही कळलं नव्हतं. हेझल, थोरली लेक, जेव म्हणाली की जेवायच्या, नीज म्हणाली की आडव्या व्हायच्या.

माळ्यावरच्या या खोलीत चारी भिंतींना धरून फळ्या होत्या आणि फळ्यांवर सिरिलची रेल्वे. स्टेशन, बोगदा, इंजिनांची शेड, बोटाच्या पेराएवढे हमाल. मंडळाची रीत अशी, की सभासद गेला की त्यानं केलेल्या शेवटच्या इंजिनाला त्याचं नाव द्यायचं आणि प्रदर्शनात पहिली फेरी त्या इंजिनाची. प्रदर्शन शनिवारी. फर्थांनी घाईघाईनं पट्ट्या करवून आणल्या होत्या. इंजिन कुठलं, ते बघायचं राहिलं होतं.

"हे शेवटचं," डोरिनबाई म्हणाल्या.

काळं, बुटकं, शंटिंगचं इंजिन. अंगावर नुसता आकडा. सत्तेचाळीस.

फर्थांचं तोंड उतरलं.

"झाली का पंचाईत," नॉर्मन म्हणाला. "काळ्याला नाव? सिरिल उठून येईल आपल्याला ओरडायला."

"मग कामच झालं," डोरिनबाई म्हणाल्या. "गटाराची जाळी तुंबलीय."

नियम सगळ्यांना पाठ होता. सिरिलच दर सभेत ऐकवायचा. लांब पल्ल्याच्या गाड्या ओढणाऱ्या हिरव्या इंजिनांना नाव. यार्डात डबे ढकलणाऱ्याला नाही. धावेल त्याला नाव, राबेल त्याला नंबर.

हिरवी सात होती. पहिलं एडिथ, त्याची आई. मग ग्वेन, बहीण. मग तीन लेकी, मग नात. सातवं पिपा. पिपा ही कुत्री. दर नवं हिरवं इंजिन झालं की डोरिनबाई चहा घेऊन वर यायच्या, कप ठेवायच्या आणि पट्टी वाचायच्या. चौदाव्या वर्षी शाळा सोडून गिरणीत गेलेल्या बाईला वाचायला वेळ लागायचा. पण आपलं नाव नाही एवढं कळायला कितीसा वेळ लागतो? विचारलं मात्र कधी नाही. मागून घेतलेलं नाव काय डोंबलाचं.

"एकदाच मोडू नियम," फर्थ म्हणाले. "सिरिलसाठी."

"सिरिल कधी राबला?" डोरिनबाईंनी पट्टी डबीत टाकली. "तो हिरवाच. त्या कुत्रीची पट्टी काढा आणि त्याची लावा."

"आई," दारात उभी असलेली हेझल म्हणाली.

"कुत्रीला काय कळणारे? मरून नऊ वर्षं झाली तिला."

फर्थांनी नॉर्मनकडे पाहिलं. नॉर्मननं घसा खाकरला. त्याची नजर काळ्या इंजिनावर होती.

"डोरिन, मग याच्यावर तुझं नाव घालू या ना. पट्टी करणारा माझ्या ओळखीचा आहे. शुक्रवारपर्यंत देईल."

हेझल आईकडे बघत राहिली. डोरिनबाईंनी स्कर्टवरचा नसलेला दोरा झटकला.

"त्याच्या हातून आलं असतं तर आलं असतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही नका घालू."

मग उठल्या, फळीपाशी गेल्या आणि सिरिलच्या खटक्यांच्या पेटीवरचं बटण फिरवलं. लग्नाच्या एक्कावन्न वर्षांत या पेटीला त्यांनी हात लावला नव्हता. पण चहा ठेवता ठेवता पाहिलेलं सगळं होतं. काळं इंजिन घरघरलं आणि निघालं. एडिथच्या मागे लागून तिला शेडमध्ये ढकललं, परत आलं. ग्वेनला ढकललं, परत आलं. लेकी, नात, शेवटी कुत्री. सात रुळांची शेड सात हिरव्यांनी भरली. काळं बाहेर उभं राहिलं.

"त्याला आत जागा नाही का?" हेझलनं विचारलं.

"ते बाहेरच असायचं," नॉर्मन म्हणाला. "सकाळी सगळ्यांत आधी तेच लागतं. त्याच्याशिवाय बाकीची हलत नाहीत."

डोरिनबाईंनी बटण मागे फिरवलं आणि इंजिन उचललं. हात एकदम खाली गेला.

"एवढं जड?"

"आत शिसं भरलंय. ढकलायचं तर वजन पाहिजे. हिरव्यांना सिरिल एवढं भरायचा नाही."

फर्थ चिमट्यानं पिपाची पट्टी सोडवू लागले. नॉर्मननं विचारलं, "मग हे शनिवारी कसं धावायचं?"

"नंबरानं."

एवढं बोलून त्या सिरिलच्या खुर्चीत बसल्या. इंजिन मुठीत होतं. इतकी ढकलाढकल करून ते चांगलंच तापलं होतं. हेझल म्हणाली, "आई, चल खाली, जेवून घे." डोरिनबाई उठल्या नाहीत. इंजिन पुरतं गार होईपर्यंत त्यांनी मूठ उघडली नाही.