पंच नसलेला खेळ

"या खेळात पंच नसतो, काका," फ्रिस्बीच्या सरांनी नाव नोंदवतानाच सांगितलं. "ज्याचं चुकलं, त्यानंच हात वर करून सांगायचं."

चिवटे मनातल्या मनात हसले. चौदा वर्षांखालच्या संघात लेकीला घुसवायला त्यांनी तिच्या जन्मदाखल्यातली दोन वर्षं आधीच खाऊन टाकली होती.

अंतिम सामन्यात शेवटची चकती लेकीनंच झेलली. शाळा जिंकली, चिवटे नाचले. तेवढ्यात तिनं हात वर केला.

"माझं चुकलं. मी पंधरा वर्षांची आहे."

"काय हो चिवटे, शोभतं का हे?" सगळे पालक त्यांच्यावर धावले. तोवर संघातल्या उरलेल्या सहाजणींचेही हात वर गेले होते. पालक आपापल्या चपला निरखू लागले.

करंडक दुसऱ्या शाळेनं नेला. घरी जाताना लेक स्कूटरवर मागे बसली, पण तिनं बापाचा खांदा धरला नाही.