काळी चार

सत्यशीलाबाईंनी माइक हातात घेतला आणि सांगितलं, "काळी चारमधून घ्या." त्यांच्या गळ्याची पट्टी ती. वसंताने मान डोलावली. खरं तर त्याला एकच पट्टी वाजवता यायची, पांढरी एक. पण कीबोर्डला पट्टी बदलायचं बटन असतं. ते दाबायचं, बोटं पांढरी एकवरच ठेवायची, आवाज हव्या त्या पट्टीत निघतो. वसंताची सगळी विद्या त्या बटनात होती.

जालन्यातल्या मच्छिंद्रभाऊंच्या ऑर्केस्ट्रात ही त्याची चाचणी होती. त्यांचा जुना वादक भुजंग पुण्याला गेला होता आणि परवा भोकरदनला कार्यक्रम होता. जागा आपलीच, हे वसंताने परस्पर ठरवूनही टाकलं होतं. कालच तो एमआयडीसीतल्या रोलिंग मिलची नोकरी सोडून आला होता. नुसती सोडली असती तरी चाललं असतं. पण कलावंताने लोखंडात हात घालू नये, असं सुपरवायझरला चारचौघांत ऐकवून आला होता. आता तिथे परत तोंड दाखवायची सोय नव्हती.

तो आणि भुजंग एकाच मास्तरांकडे शिकायला जायचे. अप्पाराव मास्तर पेटीवर सुरांचा एकेक पलटा बाराही पट्ट्यांतून घोटून घ्यायचे. वसंता दीड महिन्यात कंटाळला. असले पलटे ऐकायला तिकीट कोण काढतं, असं मास्तरांनाच विचारून त्याने काढता पाय घेतला आणि बापाच्या मागे लागून कीबोर्ड उपटला. दोन लग्नांत वाजवलं आणि गडी अर्ध्या हळकुंडाने पिवळा झाला. भुजंग मात्र सहा वर्षं मास्तरांपुढे बसला. वसंता त्याला घाण्याचा बैल म्हणायचा. रस्त्यात भेटला की, आज किती फेरे झाले, असं विचारायचा. भुजंग नुसता हसायचा.

वसंताने ऑर्केस्ट्राच्या कीबोर्डचं बटन दाबलं. सूर हलला नाही. पुन्हा दाबलं, मग नखाने खुपसून पाहिलं. शेवटी त्याने पांढरी एकवरूनच सुरुवात केली. बाई गाता गाता थांबल्या आणि त्याच्याकडे पाहत राहिल्या. मग तो काळी चारवर चाचपडू लागला. बोटं काट्यांत अनवाणी चालल्यासारखी पडत होती. तबलजीने मान वळवून हसून घेतलं. वसंताला घाम फुटला, पण ऐट काही सुटली नाही.

"भाऊ, तुमचं बटन खराब हाये," तो म्हणाला. "आधी मशीन बराबर करून घ्या, मंग मला बोलवा."

मच्छिंद्रभाऊ उठले. कीबोर्डची वायर काढून हातावर गुंडाळू लागले.

"तीन वर्षाखाली हे जुनंच घेतल्तं. ते बटन तवापासून बंदच हाये," ते म्हणाले. "भुजंगला कधी लागलंच न्हाई."