नरम पडलेले हातमोजे

मूठ काही वळेना. गुणवंतानं दातओठ खाल्ले, गोठ्याच्या खांबावर दोन गुद्दे हाणले, तरी नवे हातमोजे लाकडासारखे ताठच. फटफटीवर घालायचे जाड चामड्याचे हातमोजे, नागपूरहून मुद्दाम आणलेले.

“मेलेली म्हैस बदला घेऊन राहिली वाटते,” म्हणत त्यानं ते काढून बायकोच्या अंगावर फेकले. “यमुने, एरंडीचं तेल चोळ याले. अन् तूच घालून काम करत जा. हाताच्या गरमीनं नरम पडतात म्हने.”

“माह्या हाताले ढगळ होतात ना.”

“होऊ दे.”

पोळ्याला आठ दिवस उरले होते आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार, नदीच्या दोन काठांवरल्या गावांची दगडांची लढाई. जाम नदीच्या मधोमध सावरगाववाले पळसाचं झाड रोवणार, त्यावर झेंडा. पांढुर्ण्याच्या गड्यानं दगडांच्या माऱ्यात वर चढायचं आणि कुऱ्हाडीनं तो तोडायचा. बारा वर्षांमागं गुणवंताचा बाप मोतीराम चढला होता. उतरला तो लोकांच्या खांद्यावर. डोक्याची एक बाजू राहिलीच नव्हती.

यंदा लेक चढणार, हे त्याच्या मायनं, केसरबाईनं साऱ्या आळीत सांगून ठेवलं होतं. “बापाचं राह्यलेलं माहा गुणवंता पुरं करन,” असं म्हणताना म्हातारीची मान ताठ व्हायची. मागल्या साली एका गड्याची बोटं फांदीवरच ठेचली गेली आणि तो खाली आला. म्हणून हे हातमोजे.

यमुना ते घालून लाकडं फोडायची, गोवऱ्या रचायची, अंगण झाडायची. सात महिन्यांची लेक रांगत यायची, चामड्याचा अंगठा तोंडात घालायची, एरंडीच्या चवीनं असं तोंड करायची की यमुनेला हसू फुटे. मग गोटमारीचं आठवे आणि हसू जागीच विरे.

सांजेला गुणवंता हातमोजे घालून पाही. ताटातली भाकर तशीच राही. येईल त्याला तो एकच रडगाणं गाई, “फटफटीचा ब्रेक धड लागत नाही, बावा.”

पानठेल्यावर आळीतला सुधाकर बोलून गेला, “काऊन बे, हातमोजे घालून गोटमार? सोबत बांगड्याबी भर ना!” सगळे हसले. गुणवंतानं हात उचलला. पहिल्या ठोशात सुधाकरचा ओठ फाटला, दुसऱ्यात दोन दात मातीत पडले. चौघांनी ओढून काढलं तरी गुणवंता लाथा मारतच होता.

घरी येऊन त्यानं रक्तानं माखलेली मूठ यमुनेपुढं धरली. “पाह्य. वळून राहिली आता.”

तिनं फडकं ओलं करून चामडं पुसलं. पुसता पुसता हळूच म्हणाली, “नका ना जाऊ. पोरीकडं तरी पाहा.”

हातमोजा तिच्या कानाखाली बसला. रात्रभर कानात भोंगा वाजत राहिला.

“पुन्हा बोलली तर जीभ उपटीन,” तो दबक्या आवाजात म्हणाला. “मायनं आइकलं मंजे?”

पोळ्याच्या आदल्या दिवशी ती भावाकडं गेली. श्रावणचं घर नदीपल्याड, सावरगावात. तिनं त्याचे पायच धरले.

“दादा, तुमच्या पोरायले सांग ना. पोरीच्या बापावर नका फेकू म्हनाव.”

श्रावणनं तिला उठवलं. “वो बाई, त्या गर्दीत कोनाचा जावई ओळखू येते? दगडाले डोळे असते का?”

ही गोष्ट गुणवंताच्या कानी जाणार, हे तिला परतीच्या वाटेवरच कळून चुकलं होतं.

पोळ्याच्या दिवशी केसरबाई नातीला कडेवर घेऊन बैल पाहायला गेली. तोरणाखाली झडत्यांच्या गाण्यांचा आणि वाजंत्रीचा असा गलका की शेजारचं ओरडणं ऐकू येऊ नये. यमुना पुरण वाटत होती. गुणवंता आत आला, गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला. त्यानं दाराला कडी घातली.

“सावरगावले गेली होती?”

तिनं मान डोलावली.

“काय म्हने श्रावण?”

“दगडाले डोळे नसते म्हने.”

“बराबर म्हने.”

त्यानं कोपऱ्यातली लोखंडी पहार उचलली. यमुना भिंतीला टेकली. पोरगी घरात नाही हे बरं झालं, एवढंच तिच्या मनात आलं. मारून टाकलं तर लेकीला कोण दूध पाजेल, हे मागून आलं. तिनं डोळे मिटून घेतले.

काहीच झालं नाही. उघडले तेव्हा तो हातमोजे तिच्यापुढं धरून उभा होता.

“घाल.”

तिनं घातले. चामडं आता लोण्यासारखं झालं होतं. गुणवंतानं पहार तिच्या मुठीत दिली, तिची बोटं एकेक करून वळवली आणि खाली बसला. उजवा पाय त्यानं लांब केला. टाच उंबरठ्यावर, गुडघ्याखाली पाटा, मधली नळी अधांतरी. दोन्ही हातांनी त्यानं मांडी घट्ट धरली.

“फटफटी नाल्यात पाडून आलो,” तो म्हणाला. “ब्रेक लागला नाही, हे मायले तू सांगजो. उद्या मले त्या झाडावर नाही मराचं, यमुने. एकाच दणक्यात मोड, डबल पाय ठेवाची हिंमत नाही माह्यात.”